चाचा, मशीन चालूच होतं

इब्राहिमचाचा,

कंपनीने पेपरात तुमची श्रद्धांजली छापली आहे. चार कॉलम, रंगीत. फोटोत तुमच्या डोक्यावर कप्तानाची पांढरी टोपी आहे. ती कॉम्प्युटरवर चढवलेली आहे हे शेंबड्या पोरालाही कळेल, इतकी ती तुम्हाला मोठी होते. तुमची सगळी नोकरी बोटीच्या पोटात, इंजिनाच्या धगीत गेली. तेलवाला म्हणून लागलात आणि सारंग, म्हणजे खालच्या माणसांचे मुकादम, होऊन उतरलात. कप्तानाशी तुमचं बोलणं चारदा झालं आणि त्यातलं एक त्याचं रागावणं होतं, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. हा फोटो तुमच्या हाती पडला असता तर "कोण कप्तान गेला वाटतं," एवढंच म्हणून तुम्ही पेपराची घडी घातली असती.

फोटोखाली लिहिलंय, 'ज्यांनी दिलेल्या आठवणीने कमलावती पुन्हा जिवंत झाली.' ते वाक्य माझं आहे. शनिवारच्या कार्यक्रमाच्या माहितीपत्रकासाठी मी लिहिलं होतं, तेच त्यांनी उचललं. त्यातला 'दिलेल्या' हा शब्द खोटा आहे. तुम्ही ती आठवण दिली नव्हती, मी घेतली होती. हे तुम्ही असताना तुमच्यासमोर बसून सांगायला हवं होतं. आठ महिने हातात होते. कोथरूडहून हडपसर म्हणजे काही विलायत नव्हे. पण मी मूग गिळून बसले, आणि आता तुम्हाला जाऊन बारा दिवस झाल्यावर कागदावर शौर्य दाखवते आहे.

आपली पहिली भेट तुमच्या तक्रारीने झाली. माझं ऑफिस दोन खोल्यांचं, कामं मंगल कार्यालयांची आणि हॉटेलांची. समुद्राशी संबंध म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत गणपतीपुळे. अशा बाईला पुण्यातल्या एका बिल्डरने सांगितलं, की त्याने कोकणातल्या खाडीत कित्येक वर्षं गंजत पडलेली कमलावती नावाची एक जुनी प्रवासी बोट घेतली आहे, तिचं हॉटेल करायचंय, म्युझियम करायचंय, धक्क्यावर लोकांनी फिरायला यायला हवं. मी हो म्हणून बसले. माझं रंगीत चित्र पेपरात आलं आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही शमीमला, तुमच्या मुलीला, बरोबर घेऊन ऑफिसात हजर झालात. हातात पेपराचं कात्रण होतं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "धुरांड्याचा रंग चुकलाय," म्हणालात.

मी जरा ऐटीतच विचारलं, "तुम्हाला काय माहीत?"

"अकरा वर्षं त्याच्या खाली होतो."

शमीम शाळेत शिकवते, त्यामुळे तिला माझी कीव आली असावी. तिने सांगितलं की ही बोट मुंबईहून आफ्रिकेला जायची, हजच्या दिवसांत जेद्दाला जायची, आणि अब्बा तिच्यावर इंजिनात होते. नंतर पुण्यात येऊन इथल्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळत निवृत्त झाले. तुम्ही तोवर भिंतीवरचा माझा नकाशा वाचत होतात. "हा जिना इथे नाय," म्हणालात. नव्हताच तो तिथे.

त्यानंतरचं दीड वर्ष माझ्या कामाच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं होतं. हे मी आता लिहिते आहे म्हणून नव्हे, तेव्हाही मला कळत होतं. घाट उतरून खाडीपर्यंत आपण किती वेळा गेलो असू. तुम्ही पुढच्या सीटवर, मांडीवर डबा, आणि ड्रायव्हरला दर वळणावर "हळू, हळू." पहिल्याच दिवशी इंजिनरूमच्या शिडीवरून मी घरच्या जिन्यासारखी तरातरा उतरायला गेले आणि शेवटच्या चार पायऱ्या बसून उतरले. तुम्ही हसला नाहीत. बोटीच्या शिडीकडे तोंड करून उतरायचं, समुद्राला पाठ दाखवली तरी चालेल पण शिडीला दाखवू नये, असं सांगितलंत आणि मला तीनदा चढ-उतार करायला लावलीत. पन्नाशीच्या बाईला. पान्याने पत्र्यावर टकटक करून कुठे जाडी उरली आहे आणि कुठे नुसता गंज आहे, हे कानाने ओळखायला तुम्ही शिकवलंत. मी आता इमारतींच्या गच्चीवरही तसंच करते आणि ठेकेदार लोक एकमेकांकडे बघतात.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. तुमचं म्हणणं होतं की हा सगळा खटाटोप कशाला. बोट म्हातारी झाली की ती तोडायची असते, तिच्या पत्र्याचं दुसरं काहीतरी होतं, त्यात वाईट काय? मी चिडायचे. म्हणायचे, चाचा, तुम्हीच असं म्हणायला लागलात तर आम्ही हे कोणासाठी करतोय?

"तेच विचारतोय," तुम्ही म्हणायचात. "कोणासाठी?"

"पुढच्या पिढीसाठी."

"पुढची पिढी वर केक कापणार. खाली कोणी येणार नाय."

आणि तसंच झालं. उद्घाटन थाटात झालं, मंत्री आले, पहिले दोन महिने गर्दी होती. मग लोक धक्क्यावर यायचे, बोट मागे घेऊन फोटो काढायचे, वडापाव खायचे आणि निघून जायचे. खोल्या रिकाम्या. म्युझियममध्ये पहारेकरी आणि पंखा. तळाला पाणी झिरपायचं ते वेगळंच. शेवटी साहेबांनी, म्हणजे त्या बिल्डरने, मला हडपसरच्या बाजूला असलेल्या त्यांच्या नव्या ऑफिसात बोलावून सांगितलं, की पुढचा हंगाम असाच गेला तर बोट भंगारात जाईल. मी निघताना म्हणाले, "मॅडम, लोकांना लोखंड नकोय. काहीतरी इमोशनल द्या."

मी तिथून सरळ तुमच्याकडे आले. जवळच होतं.

तुमच्याकडच्या बैठका तशा नेहमीच्या होत्या. मी फोन टेबलावर ठेवायचे, त्यावर रेकॉर्डिंग चालू करायचे, तुम्ही त्याला 'मशीन' म्हणायचात. म्युझियमसाठी तुम्ही किती काय काय सांगितलंत, भट्टीजवळ भाकरी कशी गरम करायची इथपासून. त्या दुपारी शमीम शाळेत होती. मी विचारलं, बोटीवरचा सगळ्यात वाईट दिवस कोणता? तुम्ही टेबलावरच्या फोनकडे बघितलंत. मग म्हणालात, "मशीन बंद करा बाई."

मी फोन उचलला. उलटा करून टेबलावर ठेवला. बंद केला नाही.

विसरले नाही, चाचा. बोट बटणापर्यंत गेलं होतं. ते दाबलं नाही, कारण डोक्यात साहेबांचं 'काहीतरी इमोशनल' होतं. शिवाय स्वतःला समजावलं की नंतर पुसून टाकू. हे वाक्य मी बारा दिवस रोज वेगवेगळ्या तऱ्हेने लिहून पाहिलं. दुसऱ्या कुठल्याच तऱ्हेने ते खरं होत नाही.

तुम्ही सांगितलंत की तुमची आई हज करून त्याच बोटीने परत येत होती. थोरले भाऊ, युसुफभाई, तिच्याबरोबर वर प्रवाशांत, आणि तुम्ही खाली ड्यूटीवर. तिला तीन दिवस ताप होता. चौथ्या सकाळी गेली. कोणी वाटेत गेलं तर त्याच दिवशी कफन बांधून, जनाज्याची नमाज पढून, मागच्या डेकवरच्या कठड्याचं दार उघडून समुद्रात सोडायचे. त्या वेळी बोट हळू करायचे. वरून घंटा वाजायची आणि इंजिनरूमला समजायचं. तुम्ही अशा घंटा बऱ्याच ऐकल्या होत्यात. वर कोण आहे, हे खालच्यांना कळायचं कारण नसायचं.

"इंजिनरूमचा साहेब म्हणाला, इब्राहिम, तू वर जा, आम्ही बघतो इथलं. मी म्हटलं, जातो. आणि गेलो नाय."

मी विचारलं, का?

"भीती वाटली. ती पाण्यात पडेल तेव्हा आवाज येईल, तो मला ऐकायचा नव्हता. खाली कसं, इंजिनाचा आवाज असतो. साहेबाला वाटलं, मला माझ्या हाताने बोट हळू करायचीय, म्हणून थांबलो. त्याने वाफेचं चाक माझ्या हातात दिलं. घंटा झाली. मी हळू केलं. आणि बाई, इंजिन हळू झालं तसं खालीपण शांत झालं. मग लपायला जागाच राहिली नाय."

युसुफभाईंनी गावात सगळ्यांना सांगितलं, की आम्ही दोघांनी मिळून आईला सोडलं. तुमची लाज त्यांनी झाकली, आणि मरेपर्यंत तो शब्द पाळला. तुम्हीही कधी उघड केलं नाहीत, बायकोजवळ नाही की मुलीजवळ नाही. मला का सांगितलंत, देव जाणे. परकं माणूस बरं वाटलं असेल. किंवा मी बोटीची आहे असं वाटलं असेल, जे मला अजूनच लागतं.

मी पंधरा दिवसांत कार्यक्रम लिहून काढला. संध्याकाळी मागच्या डेकवर खुर्च्या, दिवे मंद, घंटेचा आवाज, कठड्याच्या दारावर एक झोत आणि निवेदकाचा भरदार आवाज. तुमचं नाव घातलं. पण तुम्ही सांगितलं होतं तसं घालायला हात धजेना. भ्यालेल्या मुलासाठी कोण टाळ्या वाजवणार? म्हणून मी लिहिलं, 'साहेबाने सुट्टी दिली, पण तो जागचा हलला नाही. आईने शिकवलेलं कर्तव्य त्याने आईच्याच निरोपाला पाळलं.' तुमची उभ्या जन्माची लाज मी धुऊन, इस्त्री करून शौर्य म्हणून टांगली. तेव्हा तर मला वाटत होतं, मी तुमच्यावर उपकारच करते आहे.

तुम्हाला आधी सांगितलं नाही. 'सरप्राइज' म्हटलं. पहिल्या प्रयोगाला तुम्ही आणि शमीम पहिल्या रांगेत होतात. मी बाजूला उभी राहून तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते, डोळ्यांत पाणी येतंय का ते. कार्यक्रम बसवणाऱ्या माणसाची नजर किती निर्लज्ज असते! तुमचा चेहरा काही बोलला नाही. बघायला हवं होतं ते शमीमकडे. तुमचं नाव आलं तशी ती हसली, आणि मग हळूहळू तिला कळायला लागलं की ही आपल्या आजीची गोष्ट आहे आणि ती आपण इथे, पॉपकॉर्न खाणाऱ्या लोकांत बसून, पहिल्यांदा ऐकतो आहोत. ती तुमच्याकडे वळली. तुम्ही समोरच बघत राहिलात. टाळ्या पडल्या. साहेबांनी तुम्हाला उभं केलं, शाल घातली. तुम्ही उभे राहिलात, कारण कोणी उभं राहा म्हटलं की तुम्ही राहायचातच.

"कसं वाटलं, चाचा?" मी विचारलं. काय हे धाडस.

"आवाज मोठा आहे," तुम्ही म्हणालात. "घंटा एवढी मोठी नव्हती."

परतीच्या वाटेवर ड्रायव्हरला एकदाही 'हळू' म्हणाला नाहीत. दोन दिवसांनी युसुफभाईंच्या मुलाचा गावाहून फोन आला, कारण त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ तोवर सगळीकडे फिरला होता. "अब्बा तर सांगायचे, तुम्ही वर होता." शमीम सांगते, तुम्ही फोन तिच्या हातात दिलात आणि गॅलरीत जाऊन बसलात. मेलेल्या भावाला खोटं पाडल्यासारखं झालं. ते मी केलं. शमीमने नंतर खोदून खोदून विचारलं, तुम्ही तिलाही ताकास तूर लागू दिली नाहीत.

कार्यक्रम चालला, हे मात्र खरं. शनिवार भरायला लागले, लोक मुक्कामाला राहायला लागले, साहेबांनी भंगाराचा विषय सोडला. बोट वाचली. मी ते स्वतःला पुन्हा पुन्हा ऐकवत राहिले. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं, तुमच्याकडे यायचं टाळत राहिले. शेवटची आले ती दोन महिन्यांपूर्वी, चिकू घेऊन. तासभर आपण बोललो, सगळं इकडचं तिकडचं. सांगायचंच असं ठरवून आले होते. लिफ्टपाशी सोडायला आलात तेव्हा तुम्हीच विचारलंत, "शनिवारी माणसं येतात?"

"येतात ना. जागा मिळत नाही."

"बरं," म्हणालात.

आपल्याकडच्या 'बरं'मध्ये काहीही मावतं. मी माझ्या सोयीचा अर्थ काढला आणि लिफ्टचं दार लावून घेतलं.

तुम्ही गेलात त्याच आठवड्यात साहेबांचा फोन. आधी दुःख व्यक्त करून झालं. मग म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे त्यांची रेकॉर्डिंग आहेत ना? निवेदक काढून टाकू. खुद्द चाचांचा आवाज लावू. काय इफेक्ट येईल!" मी म्हटलं, त्या गोष्टीचं रेकॉर्डिंग नाही. हे आणखी एक खोटं. ते म्हणाले, बघा, शोधा, आणि मुलीची सही घेऊन टाका, म्हणजे विषयच मिटला. परवानगीचा छापील कागद पर्समध्ये टाकून मी परवा शमीमकडे गेले. खरं सांगते, बेल वाजवेपर्यंत मला माहीत नव्हतं की मी कागद काढणार आहे की तोंड उघडणार आहे.

तोंड उघडलं. मशीन चालूच होतं, हे सांगितलं. तुम्ही भ्यालात म्हणून खाली थांबलात आणि कर्तव्याचं सगळं मी रचलं, हेही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मॅडम, त्या रात्री मी अब्बांना म्हटलं, मला तुमचा अभिमान वाटतो. ते उठून आत गेले. मला वाटलं, रडू आलं असेल." मग माझ्या हातातला कागद घेऊन तिने त्याचे व्यवस्थित चार तुकडे केले.

काल मी साहेबांच्या कंपनीला लेखी दिलं आहे, की ही गोष्ट तुमच्या नकाराविरुद्ध घेतली आणि नंतर बदलली. वकिलाशी बोलून साहेबांनी शनिवारचा कार्यक्रम बंद केला. माझ्याशी ते आता बोलत नाहीत. बोटीचं काय होईल सांगता येत नाही. भंगारवाले येऊन बघून गेले असं कळलं. मला वाईट वाटतंय, फार वाईट वाटतंय, पण त्यासाठी तुमची माफी मागायची नाही. तुम्ही ती बोट माझ्या कितीतरी आधीच सोडून दिली होती.

माफी मागायची आहे ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती मला परवापर्यंत आठवतही नव्हती.

कागद फाडून झाल्यावर शमीम म्हणाली, मला अब्बांचा आवाज ऐकायचाय. स्वयंपाकघरात टेबलाशी बसली, माझा फोन घेतला, कानाला इयरफोन लावले. मी समोर बसले. तुमचं सगळं तिने न थांबवता ऐकलं. चेहरा तुमच्यासारखाच, काही बोलत नाही. संपलं असं वाटून मी उठले, तर तिने हाताने बस म्हणून खूण केली, थोडं मागे नेलं, इयरफोन काढले आणि ते मला मोठ्याने ऐकवलं.

लपायला जागाच राहिली नाय, असं तुम्ही म्हणता. मग नुसता पंख्याचा आवाज आहे, बराच वेळ. मग एका बाईचा आवाज येतो. उत्सुक, कामाचा, गोड. माझा.

"चाचा, असं आणखी काही आहे का?"

पंखा फिरतोय. मग तुम्ही, अगदी शांतपणे, माझी समजूत घातल्यासारखं म्हणता,

"नाय बाई. आई एकच होती."